संशोधन दवाखान्याच्या ओट्यावरही होते



उसाची नवी जात आली की आपण काय विचारतो? टनेज किती, उतारा किती, खोडवा कसा येतो आणि कोणाच्या रानात पाहिली? को ७४० मागे पडून को ८६०३२ आली, ती कोणी भाषण केले म्हणून नव्हे. आधी संशोधन केंद्राच्या प्लॉटमध्ये ती तोलून-मापून पाहिली गेली, मग शेजाऱ्याच्या वावरात उभी दिसली, तेव्हा कुठे आपण बेणे आणले. शेतकरी माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

औषधपाण्याच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली, आपण घेतली. पण ही गोळी या दुखण्यावर चालते हे ठरवले कोणी? कोणत्या माणसांवर पाहून ठरवले? पुष्कळदा ते मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात, तिथे येणाऱ्या रोग्यांवर ठरलेले असते. आणि तिथे पोहोचतात किती जण? १९६१ साली अमेरिकेत डॉ. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. एक हजार मोठी माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. त्यांपैकी २५० जण डॉक्टरकडे जातात. इस्पितळात दाखल होतात ९, आणि विद्यापीठाच्या मोठ्या इस्पितळात पोहोचतो अवघा १. म्हणजे शास्त्र शिकायचे त्या एकाकडे पाहून, आणि उपचार करायचे बाकीच्यांवर!

उरलेले सगळे आपणच की. ताप, खोकला, कंबर, जुलाब, चक्कर, विंचू, काटा. यांचे शास्त्र कोण तयार करणार? ते गावच्या दवाखान्यात तयार होऊ शकते, आपल्या महाराष्ट्रात झालेही आहे. त्याचीच ही हकीकत.

मावळाला हे नवे नाही

आपल्या मावळात संशोधन म्हटले की लोणावळ्याचे कैवल्यधाम आठवते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय होते, दाब किती कमी-जास्त होतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले. योग चांगला आहे हे पूर्वीपासून सगळेच सांगत होते. ‘चांगला म्हणजे काय, मोजून दाखवा,’ हा आग्रह नवा होता.

हाच आग्रह रोजच्या दुखण्याला लावला की काय घडते, ते बोरघाटाच्या खाली, रायगड जिल्ह्यात दिसले.

महाडचा विंचू

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. १९७६ साली महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर ते रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. भाताचा पेंढा उचलताना, लाकडे काढताना, अंधारात पायात चप्पल घालताना तो चावायचा. चांगला धडधाकट माणूस संध्याकाळी दवाखान्यात यायचा आणि सकाळपर्यंत दगावायचा. लहान मुले तर जास्तच. गंभीर झालेल्या शंभर रोग्यांत सुमारे तीस जण जात असत. पुस्तकात यावर नीट उपाय लिहिलेला नव्हता. शहरात विंचू चावलेला माणूस येतो कुठे?

या डॉक्टरांनी काय केले? रोग्याच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून नोंद ठेवली. घाम किती वाजता सुटला, उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब किती चढला, नाडी कशी होती, छातीत घरघर कधी सुरू झाली. असे एकामागून एक रोगी. त्या नोंदींतून चित्र स्पष्ट होत गेले. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जातात. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, ते थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. माणूस विषाने मरतो असे आपण म्हणतो, पण तो मरतो हृदय थकल्यामुळे. १९८२ साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

रोगाची वाट कळली की तिला अडवायचे कुठे तेही कळते. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती. स्वस्त, तोंडाने घ्यायची. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशाला वापरली आणि १९८६ साली तिचे अनुभव ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. गंभीर रोग्यांतले मृत्यू शंभरात तिसांवरून चारांच्याही खाली आले. महागडे यंत्र नाही, परदेशी सुई नाही. दवाखान्यातली वही आणि एक गोळी.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविष लस मिळू लागली. ‘माझी गोळी आहे, मला लस कशाला,’ असे म्हणून ते बसले नाहीत. डॉ. प्रमोदिनी बावस्कर आणि त्यांनी मिळून ७० रोग्यांवर तुलना केली. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, तर दुसऱ्या गटात ३२. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच औषधाला दुसऱ्याच्या तराजूत घालणे, याला म्हणायचे संशोधन. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

जत्रेतून आलेली कावीळ

इंग्लंडमधले असेच एक उदाहरण आपल्याला जवळचे वाटेल. डॉ. विल्यम पिकल्स हे तिकडच्या डोंगराळ खोऱ्यातले साधे गावडॉक्टर. १९२९ साली त्यांच्या भागात काविळीची साथ आली. कोण कोणाला कधी भेटले हे त्यांनी गावोगाव विचारून वहीत मांडले. एक आजारी मुलगी गावच्या जत्रेला गेली होती आणि तिथूनच पुढच्या रोग्यांची साखळी लागत होती. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत २६ ते ३५ दिवस जातात, हे त्यांनी त्या वहीवरून सांगितले. शहरातल्या डॉक्टरला हे जमले नसते, कारण तिथे कोण कोणाला भेटले ते कळतच नाही. खेड्यात सगळ्यांना सगळे माहीत असते. आपण ज्याला चांभारचौकशा म्हणतो, त्या योग्य माणसाच्या हाती पडल्या तर शास्त्र होते.

एका दिवसात दोन लाख रोगी

आता आपल्या पुण्याकडे वळू. दवाखान्यात लोक येतात तरी कशासाठी, हा साधा प्रश्न. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने त्याचे उत्तर शोधले. देशभरातल्या डॉक्टरांना विनंती केली, की १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रोग्याची तक्रार लिहून ठेवा. ८८० शहरांतल्या आणि गावांतल्या ७,४०० डॉक्टरांनी २,०४,९१२ रोग्यांची नोंद पाठवली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रोगी श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते, एक चतुर्थांश पोटाच्या, आणि तिघांत एकाहून अधिक जणांना ताप होता.

म्हणजे आपल्या देशातल्या साध्या दवाखान्याचे अर्धे काम खोकला आणि दमा यांचे आहे. का? विडी-सिगारेट आहेच. पण चुलीचा धूर आहे, कचरा जाळणे आहे, दारे-खिडक्या लावून रात्रभर पेटवलेली डास-अगरबत्ती आहे. बंद खोलीत अशी एक गोल अगरबत्ती जळली, तर तिच्यातून जितके बारीक धूलिकण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ज्या घरात कोणी विडीला हात लावत नाही, त्या घरातली म्हातारी आयुष्यभर का खोकते, याचे कारण तिच्या चुलीत शोधावे लागते. आपल्या पवन मावळात, आंदर मावळात आणि नाणे मावळात पावसाचे चार महिने ओली लाकडे पेटतात, तेव्हा घरात किती धूर कोंडतो हे घरच्या बायांना विचारावे. मच्छरदाणी डासही अडवते आणि धूरही करत नाही.

वढूच्या सऱ्या

‘आमच्यावर प्रयोग करतात’ ही भीती आपल्या लोकांत फार. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. न विचारता, न सांगता केलेले प्रयोग जगात झालेले आहेत, म्हणून तर कायदे झाले. पण नीट केलेला प्रयोग कसा असतो हे आपल्याच जिल्ह्यात पाहता येते.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात उभे केले. याच सेवेबद्दल १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून तिथल्या आसपासच्या २२ गावांतले प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची घरोघर नोंद होऊ लागली. लहान मुलांच्या जुलाबावरची ‘रोटाव्हॅक’ ही भारतीय लस ज्या तीन ठिकाणी तपासली गेली, त्यांत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर हा भाग होता. एकूण ६,७९९ तान्ही बाळे. काहींना लस, काहींना लसीसारखेच दिसणारे पण लस नसलेले थेंब. कोणाला काय दिले हे आईलाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. शेवटी हिशेब उघडला तेव्हा रोटा विषाणूचे गंभीर जुलाब पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले आणि २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने येऊ लागली.

यात नवे काय? दोन सऱ्यांना खत घालायचे, दोन तशाच ठेवायच्या आणि तोडणीला वजन करायचे, तेच हे. फरक एवढाच की माणसाला आधी विचारावे लागते. त्याच्या भाषेत सगळे समजावून सांगावे लागते, सही किंवा अंगठा घ्यावा लागतो. ‘नको’ म्हटले तर नेहमीचे औषधपाणी बंद करता येत नाही. मधूनच बाहेर पडायचाही हक्क असतो. असा कागद समोर आला तर न वाचता अंगठा देऊ नये, आणि न वाचता हाकलूनही देऊ नये. वाचून घ्यावा, चार प्रश्न विचारावेत.

जे कोणी विचारलेच नाही

काही दुखणी मात्र दवाखान्यापर्यंत येतच नाहीत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरचे डॉक्टर चमकले. शंभरातल्या ९२ बायांना गर्भाशयाचा किंवा त्या भागाचा एक ना एक विकार होता. यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात ८. दुखणे अंगावर काढायचे, सांगायचे कोणाला, डॉक्टर पुरुष, दवाखाना लांब, आणि रोज बुडतो.

सभासद मंडळींनी हे आपल्यापुरते लावून पाहावे. आपला ऊस तोडायला मराठवाड्यातून, नगरकडून टोळ्या येतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. एवढ्या कमी वयात एवढ्या शस्त्रक्रिया? अंगावर पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या साध्या तक्रारी. यांतल्या पुष्कळ तक्रारी वेळीच तपासल्या तर गोळ्यांनी बऱ्या होतात. पण फडात खाडा झाला तर पैसे कापले जातात, उचल फेडायची असते, कोपीपाशी ना पाणी ना संडास. मग कोणीतरी सांगतो, पिशवी काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. साध्या दवाखान्याची सोय नाही म्हणून माणूस थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. आपल्या साखरेच्या पोत्यात या बायांचे कष्ट आहेत, हे विसरून चालणार नाही.

डॉक्टरांची बाजू, आपली बाजू

गावच्या डॉक्टरपुढच्या रोजच्या अडचणी कोणत्या? रोगी येतो तो पाच तक्रारी घेऊन, आणि खरी तक्रार दाराबाहेर पडता पडता सांगतो. मागचा कागद आणत नाही. ‘ती पांढरी गोळी होती’ एवढेच सांगतो. रक्तदाबाची गोळी बरे वाटले की सोडतो आणि सहा महिन्यांनी अर्धांगवायू होऊनच परत येतो. साध्या तापाला ‘डॉक्टर, सुई मारा’ म्हणतो, अशक्तपणाला सलाइन लावा म्हणतो. सुई दिली नाही तर दुसऱ्या दवाखान्यात जातो. सातारा जिल्ह्यात १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी औषधांच्या वापराचा अभ्यास केला, त्यात अनावश्यक औषधे आणि अनावश्यक इंजेक्शने फार दिली जात असल्याचे दिसून आले. यात देणारा दोषी तसा मागणाराही दोषी.

आपली बाजूही आहेच. दवाखान्यात गर्दी, डॉक्टरांना वेळ नाही. काय झाले ते सांगत नाहीत, चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही. आरोग्य केंद्रावर गेलो तर कधी औषध संपलेले असते. अशा वेळी ‘का?’ विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात डॉक्टरचा अपमान नाही. रागाने न विचारता सरळ विचारावे. गोळी कशासाठी, किती दिवस, नाही घेतली तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

मग करायचे काय?

चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. खर्च फारसा नाही.

१) ऊस-पुरवठ्याच्या पावत्या आपण फाइलला लावून ठेवतो. तशीच घरातल्या प्रत्येक माणसाची एक वही ठेवावी. तारीख, तक्रार, डॉक्टरांनी दिलेले औषध. चिठ्ठ्या त्यातच चिकटवाव्यात. पुढचा डॉक्टर दुवा देईल.

२) साप-विंचवाची वेळ लिहून ठेवावी. किती वाजता चावला, कुठे, काय करताना, दवाखान्यात कधी पोहोचलो. चिरा देऊ नये, दोरीने आवळू नये, मंत्र-तंत्रात तास घालवू नये. माणसाला चालवू नये, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. मण्यार रात्री झोपेत चावतो, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. अपचन समजून ओवा देत बसू नये. फडात रात्रीचे पाणी धरायला जाताना बॅटरी आणि बूट हवेतच. जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणीत झोपावे.

३) प्रत्येक गट कार्यालयात अशा दंशांची एक वही असावी. तोडणी मजुरांचीही नोंद त्यात यावी. दोन-तीन हंगामांची वही भरली की कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात धोका आहे ते आपोआप दिसेल. कार्ला, टाकवे, खडकाळा अशा आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांपुढे ती ठेवता येईल. लस कुठे किती ठेवायची हे मग अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

४) हंगाम सुरू झाला की तोडणी टोळ्यांच्या तळावर आरोग्य तपासणीचा दिवस ठरवावा. बाई डॉक्टर असावी. तळेगावला १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते काही लांब नाही. त्या दिवसाचा खाडा मजुराच्या माथी मारू नये, याची काळजी मुकादमाने आणि शेतकऱ्याने मिळून घ्यावी.

शेवटी एकच सांगणे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात जे घडले, त्यात डॉक्टरांची हुशारी होती, पण नुसती तेवढीच नव्हती. किती वाजता चावला, कुठे चावला, मग काय झाले, हे नीट सांगणारी माणसे त्या खाटेवर होती आणि त्यांचे नातेवाईक खाटेजवळ होते. त्यांची नावे कुठल्या नियतकालिकात आली नाहीत. पण आज देशात कुठेही विंचू चावलेले पोर ती गोळी घेऊन घरी येते, त्यात त्यांचाही वाटा आहे. आपल्या वहीतली एक नीट लिहिलेली ओळ अशीच कोणाच्या तरी कामी येईल. काट्यावर गाडी उभी राहिली की आपण वजन डोळ्यांत तेल घालून पाहतो. घरातल्या माणसाच्या दुखण्याचीही तशीच नोंद ठेवू या.